कडप्यांवर पाऊस पडतो तेव्हा: ठाणे जिल्ह्यात शेतीच्या आपत्ती व्यवस्थापनाची पाहणी कशी आखावी

ठाण्यात आपत्ती म्हटलं की २६ जुलै २००५ आठवतो. नाहीतर २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस. मुरबाड किंवा शहापूरच्या भात उत्पादकाला हाच प्रश्न विचारा, तो बऱ्याचदा जुलै सांगतच नाही. तो सांगतो २०१९ ची दिवाळी. अरबी समुद्रात ‘क्यार’ वादळ होतं, हळवं (लवकर तयार होणारं) भात कापून खाचरात त्याचे कडपे, म्हणजे कापलेल्या भाताच्या मुठी, वाळायला पसरले होते आणि वरून पाऊस. पूर नव्हता, कुणी वाहून गेलं नाही, टीव्हीवर रबरी बोटी दिसल्या नाहीत. चार दिवसांनी कडपे उलटले तर लोंब्यांना कोंब.

एवढ्या फरकासाठी हा लेख लिहितोय. गावपातळीवर काम करणाऱ्या संस्था, समाजकार्याचे आणि कृषीचे विद्यार्थी, शेतकरी गट आणि कधीकधी उत्साही ग्रामपंचायतीही ‘आपत्ती जोखमीचा अभ्यास’ करायला निघतात आणि पावसाचा अभ्यास करून परत येतात. पावसाचा अभ्यास हवामान खातं करतंच. आपण पाहायची ती व्यवस्था. संकटाच्या आधी, त्या वेळी आणि नंतर कोण काय करतं, कोणाला कधी कळतं, कोणाकडे काय साधन आहे आणि साखळी कुठे तुटते, हे शोधायचं. हे काम गावात पोचल्यावर सुचत नाही, आधी टेबलावर आखावं लागतं. आखणी कशी करायची, ते आमच्या चुकांसकट सांगतो.

पहिली ओळ

कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: ही पाहणी कोण वापरणार आणि त्यावरून कोणता निर्णय घेणार? ‘शेतकऱ्यांची जोखीम समजून घेणे’ हे वाक्य चालणार नाही. ‘ग्रामपंचायतीने पुढच्या आराखड्यात खळ्याच्या शेडसाठी पैसे ठेवायचे की नाल्याच्या गाळासाठी, हे ठरवणे’ हे चालेल. ‘तालुका कृषी कार्यालयाने कापणीच्या आठवड्यात सल्ला कसा पोचवावा, हे सुचवणे’ हेही चालेल.

वाक्य लिहून झालं की ज्याच्यासाठी लिहिलं त्याला जाऊन दाखवा. सरपंच असो की तालुका कृषी अधिकारी, “हे कळलं तर तुम्हाला उपयोग होईल का?” एवढं विचारा. अर्ध्या पाहण्या या एका प्रश्नाने वाचतील आणि उरलेल्या अर्ध्या वेळीच रद्द होतील. दोन्हींत फायदाच आहे.

भाताचं वर्ष भिंतीवर लावा

या जिल्ह्यात खरिपाचं मुख्य पीक भात, म्हणून धोक्यांची यादी भाताच्या कॅलेंडरवरच मांडा. ‘पूर, दुष्काळ, वादळ’ अशी वर्गवारी शाळेच्या पुस्तकात ठीक आहे. शेतात तेच पाणी एका आठवड्यात औषध आणि पुढच्या आठवड्यात विष असतं.

मोठा कार्डशीट घ्या आणि वर मे ते एप्रिल महिने लिहा. त्याखाली पहिल्या ओळीत शेतातलं काम, दुसऱ्या ओळीत त्या कामाचा धोका. मे अखेर आणि जून ही राब भाजण्याची (रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा जाळण्याची), रोपं टाकण्याची वेळ. इथला धोका म्हणजे पाऊस लवकर येणं किंवा येऊन दडी मारणं. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून, २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. ज्यांची धूळवाफेची (पावसाआधी कोरड्या मातीतली) पेरणी व्हायची होती त्यांच्या जमिनीचा तोपर्यंत चिखल झाला. याला पूर म्हणत नाहीत, दुष्काळही म्हणत नाहीत, त्यामुळे जुन्या यादीत त्याला रकानाच नसतो.

जुलै लावणीचा, कुठे तिला आवणी म्हणतात. नुकतं लावलेलं रोप दोन दिवस पाण्याखाली गेलं आणि पाणी उतरलं तर बहुतेक वेळा सावरतं. गढूळ पाणी आठवडाभर साचलं तर कुजतं. इथे नोंदवायची गोष्ट पावसाचे मिलिमीटर नव्हे: पाणी किती दिवस थांबतं, आणि रोप गेलं तर बदली रोप कोणाकडे असतं. ज्या गावात दोन-तीन घरं दरवर्षी जादा रोप टाकतात, त्या गावाची ती खरी ताकद. सरकारी कागदात ती दिसत नाही. पाहणीत दिसली पाहिजे.

ऑगस्टमधली उघडीप उंचावरच्या खाचरांना आणि वरकस (उताराच्या, हलक्या) जमिनीवरच्या नाचणी-वरीला भोवते. सप्टेंबरात भात पोटरीत येतं, निसवतं, म्हणजे लोंबी बाहेर पडते. फुलोऱ्यात सलग मुसळधार पाऊस झाला तर दाणा भरत नाही, लोंबी पोकळ राहते. करपा रोग आणि तुडतुडे किडीचा काळही हाच.

मग ऑक्टोबर. हळवं भात आधी तयार होतं, निमगरवं त्याच्यामागून, गरवं सर्वांत शेवटी. कापलं की दोन-तीन दिवस कडपे उन्हात वाळवतात, मग भारे बांधून खळ्यावर नेतात, उडवी (भाऱ्यांची रास) रचतात, झोडणी करतात. परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो, सोबत वीज. कापणीला शेतात बायका-माणसं वाकलेली असतात आणि आसपास आडोसा म्हणून एकुलतं एक झाड. म्हणजे पीक आणि जीव, दोन्ही एकाच आठवड्यात उघड्यावर. माझा आग्रह असा की ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही पाहणीत निम्मा वेळ या वीस-पंचवीस दिवसांना द्यावा.

दिवाळीनंतरचा भाग थोडक्यात आटपला तरी चालेल: ओलीवरचा वाल, भेंडीसारखी भाजी, अवकाळी पाऊस, पेंढ्याच्या गंजीला आग, वणवा, आणि मार्चपासून पाणीटंचाई. शहापुरात भातसा-तानसासारख्या धरणांच्या शेजारच्या पाड्यांवर टँकर येतो, हे नव्याने सांगायला नको.

कार्डशीटवर आता तिसरी ओळ काढा, माणसांची. कोणत्या महिन्यात घरात पैसा नसतो, कोण कामाला बाहेर जातं, कर्ज कधी फेडायचं असतं. वरच्या दोन ओळींतला धोका आणि तिसऱ्या ओळीतली चणचण जिथे एका रेषेत येते, तिथे लाल खूण करा. पुढची सगळी प्रश्नावली या खुणांवर बेतायची.

गावं किती आणि कोणती

२०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यातले उल्हासनगर आणि ठाणे बरेचसे शहरी. शेतीसाठी मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ पाहायचे. पन्नास गावं घेऊन प्रत्येकी दोन तास देण्यापेक्षा चार गावं घ्या आणि प्रत्येक गावाला चार दिवस द्या.

निवड तालुक्यावरून करू नका, पाण्यावरून करा. एक गाव खाडीकाठचं, भिवंडीच्या खाडीपट्टीतलं, जिथे खारं पाणी बांधाबाहेर उभं असतं. एक उल्हास-काळूच्या काठचं, कल्याण तालुक्यात रायत्याच्या बाजूला. एक माळशेजच्या पायथ्याचं, टोकावड्याकडचं, जिथे घाटावरून पाणी येतं आणि बांध खरवडून नेतं. एक शहापूरचं, डोळखांब-किन्हवली पट्ट्यातलं, जिथे जुलैत पाणी जास्त आणि एप्रिलमध्ये प्यायलाही नाही. या चार गावांत जिल्ह्याची बहुतेक दुखणी येतात. गावात गेल्यावर पाडे विसरू नका. मुख्य गावठाणात बैठक घेऊन परतलात तर तुम्ही निम्मं गाव पाहिलं.

कधी जायचं

आमची पहिली पाहणी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात होती, कारण निधी देणाऱ्यांना ‘पावसाळ्यातली परिस्थिती’ हवी होती. समाजमंदिरात आम्ही सात जण, चटया अंथरलेल्या, चार्ट लावलेला. गावातून एक म्हातारे आले. त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, “साहेब, लावणी सोडून तुमच्या कागदाला कोण येतो? मी पण गुडघा दुखतो म्हणून आलोय.” ती बैठक तिथेच संपली.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये गेलो. लोक भेटले, पण कातकरी वाडी कुलूपबंद. दिवाळीनंतर ती कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जोखीम ज्यांच्या वाट्याला सर्वांत जास्त, तेच आमच्या आकड्यांत शून्य.

सरळ खिडकी आहे नारळी पौर्णिमेपासून घटस्थापनेपर्यंत. लावणी उरकलेली असते, कापणी यायची असते, सगळे गावात असतात. गणपतीचे दिवस सोडा. नंतर कापणी संपल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन दिवसांची एक फेरी ठेवा. सप्टेंबरात लोकांनी काय होईल म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे तेव्हा ताडून पाहता येतं.

आधी कागद

गावात जाण्यापूर्वी तीन आठवडे कार्यालयांच्या पायऱ्या चढा. गावकऱ्यांचा वेळ अशा प्रश्नांत घालवू नका, ज्यांची उत्तरं तहसीलमध्ये पडून आहेत.

पहिला कागद जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि आराखड्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करणं बंधनकारक आहे. तो वाचताना साधी गोष्ट करा: शेती, जनावरं आणि चारा यांच्यावर किती पानं आहेत ते मोजा. इमारती, बोटी आणि रुग्णवाहिका यांच्याशी तुलना करा. ही पानांची मोजणी ऐकून बैठकीत लोक हसतात, पण मुद्दा लगेच कळतो.

दुसरा कागद पंचनाम्यांचा. गेल्या पाच-सात वर्षांतल्या तुमच्या गावांच्या याद्या तहसील कार्यालयात मागा. सहज मिळाल्या तर उत्तम, नाहीतर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस, तेवढे दिवस वेळापत्रकात धरा.

तिसरा पावसाचा. राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळ (तालुक्यातला काही गावांचा गट) पातळीवर आहेत. आपल्याकडे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मराठवाड्यात या आकड्याने हाहाकार होतो. मुरबाडात जुलैमध्ये ६५ मिलिमीटरला कुणी छत्रीसुद्धा बदलत नाही. उलट ऑक्टोबरात कडप्यांवर २० मिलिमीटर पडला तरी वर्ष वाया. तुमच्या अहवालात हा विरोध आकड्यांनिशी आला तर ती मोठी कमाई. त्यासाठी मंडळाचा ऑक्टोबरचा रोजचा पाऊस आणि गावाच्या कापणीच्या तारखा शेजारी शेजारी मांडा.

चौथा भरतीचा, फक्त खाडीकाठच्या गावासाठी. मुंबई महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरतीच्या दिवसांची यादी देते. ती भाताच्या कॅलेंडरवर चिकटवा. उधाणाच्या दिवशी वरून पाऊस आला तर पाणी बाहेर जायला वाट नसते, आणि हे दिवस महिनोन् महिने आधी ठाऊक असतात.

सातबाऱ्यावर नसलेला शेतकरी

कोणाशी बोलायचं याची यादी सातबाऱ्यावरून केलीत तर पाहणी तिथेच लंगडी होते. भिवंडी-कल्याण पट्ट्यात जमीन एकाची, कसणारा दुसरा. कुणी खंडाने (ठरलेल्या भाड्याने) घेतो, कुणी अर्धेलीने (निम्म्या पिकाच्या वाट्याने). मालक ठाण्यात किंवा नवी मुंबईत फ्लॅटमध्ये राहतो. पीक बुडतं ते कसणाऱ्याचं, पंचनाम्यात नाव मालकाचं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळालेले किंवा दावा अडकलेले शेतकरी आणखी वेगळे. ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू झाली खरी, पण तिथेही नोंद गट नंबरावर होते. शिवाय सातबारा बहुतेक पुरुषाच्या नावावर असतो आणि लावणी, कापणी, झोडणी या तिन्ही वेळा शेतात बाई असते.

म्हणून प्रत्येक गावात गट वेगळे बसवा: जमीनमालक, खंडाने-अर्धेलीने कसणारे, वनपट्टेवाले आणि मजूर, बायका. चारही गटांना एकच प्रश्न टाका, “गेल्या खेपेला भात गेलं तेव्हा तुम्हाला काय मिळालं, कोणाकडून, किती दिवसांनी?” चार उत्तरं चार वेगळ्या गावांतली वाटतील. बायकांच्या गटासाठी तुमच्यात निदान दोन बायका हव्यात, आणि वेळ दुपारी अडीच ते चारची. संध्याकाळी पाणी, चूल, गुरं असतं.

सरकारी बाजूने तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांना वेगवेगळं भेटा. अलीकडे त्यांची पदनामं बदलली, ग्राम महसूल अधिकारी वगैरे झाली, पण गावात जुनीच नावं चालतात. पंचनामा हे तिघं मिळून करतात. त्यांना आरोपीसारखं विचारू नका. एकेकाकडे किती गावं, अतिवृष्टीनंतर किती दिवसांत किती गट पाहायचे, वाहन कोणाचं, हे आधी विचारा. बरीच उत्तरं तिथेच मिळतात.

एका इशाऱ्याचा माग काढा

संपूर्ण पाहणीतली माझी सर्वांत आवडती पद्धत ही. ‘इशारा यंत्रणा सक्षम आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. मागच्या मोसमातला एक ठरावीक दिवस निवडा, ज्या दिवशी ठाणे जिल्ह्याला केशरी किंवा लाल इशारा होता. मग त्या इशाऱ्याचा पायी माग काढा. हवामान खात्याने तो किती वाजता दिला. जिल्हा नियंत्रण कक्षातून तहसीलला कधी गेला. तलाठ्याच्या फोनवर कधी. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी टाकला. घाटाखालच्या ज्या पाड्यावर रेंज नाही, तिथे पोचला का, आणि पोचला तर कोणाच्या तोंडून. प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न: कधी कळलं, कुठून कळलं, कळल्यावर काय केलं.

तिसऱ्या प्रश्नावर साखळी तुटते, असा आमचा अनुभव. निरोप पोचलेला असतो: ‘मुसळधार ते अतिमुसळधार, नागरिकांनी सतर्क राहावे.’ शेतकऱ्याला त्यातून उद्या कापायचं की थांबायचं, हे कळत नाही. एक बाई म्हणाल्या, “सतर्क राहून काय करू, भात उचलून डोक्यावर घेऊ?” दुसरीकडे, कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि त्यात कापणी पुढे ढकला, कापलेलं झाकून ठेवा अशी कामाची वाक्यं असतात. तो गावात किती जणांनी पाहिलाय, हे मोजा. ‘मेघदूत’ आणि विजेसाठीचं ‘दामिनी’ ही अ‍ॅप्स किती फोनांत आहेत, हेही फोन हातात घेऊन बघा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

नदीकाठच्या गावात हाच माग धरणाच्या पाण्याचा काढा. बारवी एमआयडीसीचं, भातसा जलसंपदाचं, आणि दोन्हींचं पाणी शेवटी उल्हासच्या खोऱ्यातच. कोणाचा निरोप कोणाला जातो आणि गावात गुरं सोडायला किती तास मिळतात, ते लिहून घ्या.

शिवारफेरी

बैठकीत न निघालेली गोष्ट चालताना निघते. डोंगराकडून सुरू करून ओढ्यापर्यंत किंवा खाडीपर्यंत चाला, बरोबर दोन जाणती माणसं, एक तरुण आणि एक बाई. हातात गावनकाशा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे वळवलं गेलं. रस्त्याची मोरी अरुंद आहे का, गोदामासाठी केलेल्या भरावाने नाला बुजला का. भिवंडीच्या बाजूला हा शेवटचा प्रश्न टाळूच नका. तिथे पूर आभाळातून कमी आणि भरावातून जास्त येतो, असं लोक म्हणतात, आणि चालून पाहिलं की पटतं.

खाडीकाठी उघाडीपाशी थांबा. उघाडी म्हणजे खारबांधातली (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधातली) झडपेची वाट: ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. आम्ही पाहिलेल्या एका उघाडीची फळी कुजून खालचा कोपरा गेलेला होता आणि तिथे कुणीतरी सिमेंटच्या गोणीत चिखल भरून बोळा कोंबला होता. बोळ्याभोवतीची माती पांढरट, मिठाची. बरोबरच्या आजोबांनी चिमूट जिभेवर ठेवून थुंकली आणि आत बोट दाखवलं: तीन खाचरं ओलांडून गवताचा रंग बदलला होता. बांधाला खांड पडून खारं पाणी आत आलं की पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुवायला जातात. त्या उघाडीची दुरुस्ती कोणाची, हा प्रश्न आम्ही पाच जणांना विचारला आणि पाच उत्तरं मिळाली. ती पाच उत्तरं तशीच अहवालात टाकली. पूर्वी गावकी श्रमदानाने बांध राखत असे. आता खारभूमीचं काम सरकारकडे आहे, गावकीचा धाक गेला आणि सरकारचा हात प्रत्येक फळीपर्यंत पोचत नाही.

बियाण्याचंही इथेच विचारा. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारपट्ट्यासाठी भाताच्या जाती दिल्या आहेत, कर्जतच्या केंद्रानेही हळव्या-निमगरव्या अनेक जाती दिल्या. गावात कोणती जात आहे, कोणी आणली, बी दरवर्षी मिळतं का? कापणीचा काळ पंधरा दिवस मागे-पुढे करणं हा परतीच्या पावसावरचा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तो जातीच्या निवडीत दडलेला असतो.

मदत आणि विमा: हिशेब मांडून दाखवा

इथे मोघम लिहू नका, उदाहरण सोडवा. समजा एका घराचं भात २० गुंठे, म्हणजे ढोबळ ०.२ हेक्टर. आपत्ती मदत मिळायला नुकसान किमान ३३ टक्के लागतं. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये ठरवले होते (राज्य सरकार वेळोवेळी निर्णय काढून यात बदल करतं, तेव्हा त्या वर्षीचा शासन निर्णय पाहा). २० गुंठ्यांचे होतात १,७०० रुपये. आता त्याच बैठकीत विचारा: कागद गोळा करायला तालुक्याच्या किती फेऱ्या, एका फेरीचं भाडं किती, बुडालेली मजुरी किती. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहा. पुढे काही बोलावं लागत नाही.

विम्याचंही तसंच. २०२३ मध्ये आलेली एक रुपयातली योजना २०२५ च्या खरिपात बंद झाली, शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा विमा रकमेच्या २ टक्के झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर (निवडक शेतांतलं पीक कापून, वजन करून काढलेल्या उत्पन्नावर) बेतली गेली. प्रयोगाची सरासरी महसूल मंडळाची असते. तुमचं खाडीकाठचं शेत बुडालं आणि मंडळातली वरची गावं पिकली, तर सरासरी चांगली दिसते. त्याहून बोचरी गोष्ट: कापणी प्रयोग उभ्या पिकावर होतो. कापून कडपे पसरल्यावर आलेला पाऊस त्या वजनात येतच नाही. नियम मोसमागणिक बदलतात, तेव्हा पाहणीच्या वर्षाची अधिसूचना समोर ठेवूनच हे पान लिहा.

नुकसान मोजताना दोन रकाने वेगळे ठेवा. एक, मालमत्तेचं: वाहून गेलेला पंप, फुटलेला बांध, मेलेली म्हैस. दुसरा, न झालेल्या उत्पन्नाचा: न पिकलेलं भात, काळा पडलेला म्हणून गुरांनी न खाल्लेला पेंढा, रायत्याचा पूल पाण्याखाली गेल्यामुळे कल्याणच्या बाजारात न पोचलेली भाजी. पंचनाम्यात पहिल्यातलं थोडं येतं, दुसऱ्यातलं भात सोडलं तर जवळजवळ नाही.

माणसं, पैसे, दिवस

हे पटकन सांगतो. पाच-सहा जणांचा गट पुरे: एक शेती जाणणारा, एक महसुली कागद वाचता येणारा, दोन बायका, एक लिहिणारा ज्याचं अक्षर लागतं, आणि त्याच गावचा एक तरुण मानधनावर. आपदा मित्र प्रशिक्षण (आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी प्रशिक्षण) घेतलेला कुणी असेल तर त्यालाच घ्या. कागदांना तीन आठवडे (माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागला तर ते ३० दिवस वेगळे), एका गावात प्रश्नांची रंगीत तालीम दोन दिवस, चार गावांना सोळा दिवस, लिहायला दोन आठवडे. खर्चात शेवटची एसटी चुकल्यावरच्या रिक्षाचे पैसे धरा, हसू नका. बैठकीच्या चहा-नाश्त्याचे पैसे गावातल्या बचत गटाला द्या. ज्या मजुरांची अर्ध्या दिवसाची रोजी बुडते, त्यांना ती भरून द्या. “माहिती द्यायचे पैसे देत नाही” हे तत्त्व एसीत बसून छान वाटतं.

परवानगीसाठी ग्रामपंचायतीला पत्र द्या. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित (आदिवासींसाठी खास तरतुदी असलेलं) क्षेत्र आहे, मुरबाड आणि भिवंडीतलीही काही गावं त्यात येतात. तिथे पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते, तेव्हा सरपंचाच्या सहीवर थांबू नका. फोटो काढण्यापूर्वी विचारा, आणि आधार, बँक पासबुक यांचे फोटो तर मुळीच घेऊ नका. कोणी स्वतःहून पुढे केले तरी.

अहवाल आधी कुठे वाचायचा

कार्यालयात देण्यापूर्वी गावात वाचा. मसुदा चार पानांचा, मोठ्या अक्षरात, आणि भिंतीवर तेच भाताचं कॅलेंडर. आधी महिला सभेत, मग ग्रामसभेत. चुका निघतात. आमच्या एका मसुद्यात ‘गावात भात वाळवायला जागा नाही’ असं होतं. एका बाईंनी उभं राहून सांगितलं, शाळेचा व्हरांडा आहे की, दिवाळीच्या सुट्टीत रिकामाच असतो, पण किल्ली कोणाकडे असते ते आम्हाला माहीत नाही.

शिफारस बदलली. शेडचा प्रस्ताव दुसऱ्या क्रमांकावर गेला. पहिला क्रमांक असा लिहिला: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या व्हरांड्याची किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे द्यावी, दहा ताडपत्र्या पंचायतीने घ्याव्यात, त्या कोणाला आधी द्यायच्या ते बचत गटाने ठरवावं. प्रत्येक शिफारशीपुढे असंच एक नाव, एक तारीख आणि एक रक्कम येईल याची काळजी घ्या. ज्या ओळीपुढे या तिन्हींतलं काही लिहिता येत नाही, ती ओळ खोडा.

मग त्याच आकड्यांची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याला, एक तहसीलदाराला, आणि एक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला, वार्षिक आराखड्याच्या आढाव्याच्या आधी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये. मे उजाडला की तिथे सगळे नालेसफाईत असतात.